कुंडलचा माळ आणि बाजारातला ओटा

1910 साली बेळगावच्या नगरपालिकेला शहर वाढवण्यासाठी जागा हवी होती. त्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा छोटासा कारखाना होता. कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर तिथं तयार होत. लोखंडाच्या नांगरानं जमीन विषारी होते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली होती. आता कुठं जम बसायला लागला, तोवर जागा सोडायची वेळ आली. पालिकेचं वागणं बेकायदा होतं असं कुणी म्हणणार नाही. शहर वाढत होतं, वस्तीला जागा लागतच होती. पण हा माणूस इथून गेला तर आपल्या गावाचं काय जाईल, हा विचार त्या कचेरीत झाला असता तर कदाचित शेजारची दुसरी जागा शोधली गेली असती.

तो विचार औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी केला. ते आदल्याच वर्षी गादीवर आले होते. संस्थान लहान, त्याचे तुकडे लांबलांब विखुरलेले, उत्पन्न बेताचं. त्यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि 10,000 रुपये कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंगानं भरलेला माळ, साप-विंचवांचा. फक्त रेल्वे शेजारून जात होती. तिथं छपरं उभी राहिली, घरं झाली, शाळा झाली, आणि पुढं त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी पडलं. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत त्या कारखान्याच्या भोंग्यावर चूल पेटायची आणि भोंग्यावर जेवणं व्हायची.

ही गोष्ट आमच्याकडं लहानपणापासून सांगतात, ती लक्ष्मणरावांच्या जिद्दीची म्हणून. ती जिद्दीची आहेच. पण वय वाढलं तसं माझं लक्ष गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाकडं जास्त जायला लागलं. पंतप्रतिनिधींनी नांगर कसा ओतायचा हे सांगितलं नाही. कारखान्यात आपला माणूस बसवला नाही. पुढच्या वर्षी किती नफा होईल ते लिहून द्या म्हणाले नाहीत. त्यांच्या हातात जे होतं, म्हणजे पडीक जमीन, थोडा पैसा आणि राज्यकर्त्याचा शब्द, ते त्यांनी मोकळ्या मनानं दिलं आणि वाट पाहिली. त्याच संस्थानात पुढं कराडजवळ ओगल्यांचा काचेचा कारखाना आला. प्रभाकर कंदील तिथले. ओगलेवाडी हे गावही असंच माळावर उभं राहिलं. एवढ्याशा संस्थानात दोन औद्योगिक वाड्या वसल्या, आणि दोन्ही रेल्वेच्या काठानं. हा योगायोग नाही. रेल्वे कुठून जाते, आपली कुठली जमीन तिला लागून आहे, हे तिथल्या राज्यकर्त्याला पाठ होतं.

शेजारच्या कोल्हापुरातही हेच दिसतं. 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली आणि गुळाची पेठ तिथं आणली. ऊस लावणारा शेतकरी, गुऱ्हाळ, अडत्या, गाडीवान आणि रेल्वे यांची गाठ एका जागी पडली. कोल्हापुरी गुळाचं नाव लांबवर गेलं ते या गाठीमुळं. चवीचा गूळ पूर्वीही होत होता, पण चार गाड्या उभ्या करून भाव ठरवायला जागा नव्हती. पुढं रेल्वेच्या कडेला जयसिंगपूर वसवलं तेव्हा गल्ल्या आधी आखल्या, व्यापाऱ्यांना नंतर बोलावलं. आजही त्या गावातून चालताना रस्त्यांची ती सरळ आखणी पायांना कळते.

राजेरजवाड्यांच्या काळातलं उदाहरण आजच्या ग्रामपंचायतीला काय कामाचं, असं मला विचारलं जातं. आमच्या सरपंचांकडं वाटायला 32 एकर नाहीत आणि दहा हजारांचं कर्ज द्यायचा अधिकारही नाही. हे खरं आहे. म्हणूनच बहुधा 'गावचा आर्थिक विकास' म्हटलं की आमच्याकडं नजर वर जाते, मंत्रालयाकडं. गेली कित्येक वर्षं प्रत्येक निवडणुकीत एकच आश्वासन ऐकतेय: तालुक्याला एमआयडीसी आणू. एमआयडीसीचं महामंडळ 1962 साली झालं, त्यानं महाराष्ट्राचं चित्र बदललं, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण कुठला कारखाना कुठं येणार हे आमच्या पंचायतीच्या हातात नाही. जे हातात नाही त्याची वाट पाहताना जे हातात आहे ते सुटतं, आणि सुटलेलं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

माझ्या मते पंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या हातात आजही तेच आहे जे बाळासाहेबांच्या हातात होतं: जागा, शब्द आणि धीर. जागा लहान असेल. ओट्याएवढी असेल. पण ज्याला कष्ट करून चार पैसे मिळवायचे आहेत त्याला पाय टेकायला जागा, आज ठरलेला नियम उद्याही तोच राहील हा शब्द, आणि त्याचा धंदा रुजेपर्यंत लागणारा धीर, हे स्थानिक कारभाऱ्यांनी दिलं तर पुढचं लोक स्वतः करतात. लोक करतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण मी ते आठवडी बाजारात पाहिलंय.

माझी आत्या बाजार करायची. म्हणजे विकायला बसायची. आदल्या दिवशी दुपारी कोथिंबीर-मेथी उपटायची, रात्री कंदिलाच्या उजेडात जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या आणि पहाटे टेम्पोत डोक्याला डोकं लावून बाजारगाव गाठायचं. बाजाराला जागा होती, पण ओटे मोजके. ते कापडवाल्यांनी आणि किराणावाल्यांनी धरलेले. भाजीवाल्या बायका खाली मातीत बसायच्या. पावसाळ्यात चिखलात विटा मांडून त्यावर पोतं अंथरायचं. ठेकेदाराचा माणूस यायचा, पावती फाडायचा. ओट्यावरच्या माणसाची आणि चिखलातल्या बाईची पावती सारखीच. कधी पावती मिळायची, कधी नुसतेच पैसे घेतले जायचे.

एकदा भर उन्हात मी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तर तिनं ओठ ओले केले आणि तांब्या बाजूला ठेवला.

"पी की गं आत्या."

"पाणी प्यालं की जायाला लागतंय. आन् माल कुणावर टाकून जायाचं, आन् कुठं जायाचं?"

त्या सबंध बाजारात बायकांसाठी आडोसा नव्हता. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत शंभरेक बायका तशाच बसायच्या. आत्याला पुढं मुतखड्याचा त्रास झाला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, दिवसाला पाणी किती पिता.

हा आरोग्याचा प्रश्न आहे, माणुसकीचा आहे. पण तो हिशेबाचाही आहे, आणि त्याच अंगानं तो कुणी मांडत नाही म्हणून मी मांडते. आमच्याकडं मजुरांची आठवड्याची हजेरी बाजारच्या दिवशी हातात पडते. रानातून सुटून, पैसे घेऊन, हातपाय धुऊन माणसं बाजारात येतात ती दिवस मावळतीला. म्हणजे खरं गिऱ्हाईक संध्याकाळी. आणि नेमक्या त्या वेळी बायका पसारा आवरायला लागायच्या. दिवसभर अवघडून बसलेल्या, बाजारात दिवा नाही, अंधारात पैसे मोजता येत नाहीत, शेवटचा टेम्पो चुकला तर घरी कसं जायचं. मग उरलेल्या जुड्या चार वाजता पडेल भावात व्यापाऱ्याला घालायच्या. तोच व्यापारी गॅसबत्ती लावून दोन तासांनी त्याच जुड्या दुपटीनं विकायचा. त्याला मी दोष देत नाही, तो त्याचा धंदा. पण ते दुपटीचे पैसे आत्याच्या पदरात पडायला काय लागलं असतं? एक संडास, चार दिवे आणि टेम्पोवाल्याशी तासभर उशिरा निघण्याचं बोलणं. यापेक्षा स्वस्त आर्थिक विकास मला तरी माहीत नाही.

बाजारकर कसा गोळा होतो तेही सांगायला हवं, कारण गोम तिथं आहे. पुष्कळ ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीला बाजार-वसुलीचा लिलाव होतो. सगळ्यांत मोठी बोली बोलणाऱ्याला वर्षभर पावत्या फाडायचा ठेका मिळतो. पंचायतीला रक्कम मिळते आणि वसुलीची डोकेदुखी संपते. कामकाजाच्या दृष्टीनं हे सोयीचं आहे. पण बोली जितकी चढते तितका ठेकेदार बाजारात दाबून वसूल करतो, आणि पंचायतीचं त्या बाजाराशी असलेलं नातं लिलावाच्या दिवशीच तुटतं. बाजार वाढला काय, आटला काय, तिच्या खात्यावरची रक्कम वर्षभर तीच. दुकानदार आणि विकणाऱ्या बायका यांच्याकडून वर्षाला जे पैसे येतात त्यातले किती बाजारावर परत खर्च झाले, हा प्रश्न मी आजवर ज्या ज्या ग्रामसभेत बसले तिथं कुणी विचारलेला ऐकला नाही.

पैसे नाहीत, हे उत्तर मला पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा वाटा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येत होता, आणि त्यातले 60 टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेले होते. बाजारतळावरचा संडास आणि पाण्याची टाकी याच रकान्यात बसतात. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकांसाठी राखायचे असतात, तेही आहेत. बाजार आणि जत्रा हा विषय तर राज्यघटनेच्या अकराव्या परिशिष्टातच आहे, पंचायतींकडं सोपवता येतील अशा 29 विषयांपैकी एक. कमी आहे ती नजर. बाजार म्हणजे दर आठवड्याला होणारी गर्दी आणि मागं राहणारा कचरा, एवढंच तिथल्या कचेरीला दिसतं. तिथं दिवसाकाठी जो पैसा हलतो, त्यावर किती घरांची चूल पेटते, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

नगरपालिकांचं दुखणं थोडं वेगळं. त्यांच्याकडं पूर्वी जकात होती, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर. जकातनाक्यांवरच्या रांगा, अडवणूक, चिरीमिरी हे सगळं होतं, आणि जकात गेली याचं मला वाईट वाटत नाही. 1999 मध्ये ती नगरपरिषदांमधून उठली, महानगरपालिकांत तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी संपला, आणि 2017 मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईचे नाकेही बंद झाले. पण त्याबरोबर एक धागा तुटला. गावात माल जास्त आला की पालिकेच्या तिजोरीत पैसे जास्त, इतका सरळ संबंध होता. आता भरपाईची रक्कम वरून येते. शहरातला बाजार दुप्पट झाला तरी मुख्याधिकाऱ्यांच्या अंदाजपत्रकात लगेच काही हलत नाही. ज्याच्या वाढीतून आपल्याला काही मिळत नाही त्याची काळजी घ्यायला मोठं मन लागतं, आणि कारभार फक्त मोठ्या मनावर चालत नाही. मला वाटतं, छोट्या शहरांना आपल्या बाजारपेठेत पुन्हा गुंतवायचं असेल तर जीएसटीतला काही वाटा त्या त्या शहराच्या उलाढालीशी बांधायला हवा. हे राज्याला करता येण्यासारखं आहे.

मधल्या काळात पालिकांनी उत्पन्नासाठी धरलेला रस्ता म्हणजे व्यापारी संकुलं. जुनी मंडई पाडायची, तीनमजली इमारत बांधायची, गाळे भरमसाट अनामत रकमेला लिलावात काढायचे. कित्येक गावांत अशा इमारतींच्या वरच्या मजल्यांवर शटरं गंजलेली दिसतात. खाली रस्त्यावर त्याच मंडईतल्या जुन्या बायका पाटी घेऊन बसलेल्या असतात, आणि अतिक्रमणाची गाडी आली की पाटी उचलून पळतात. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं यावर चांगला उपाय दिलाय. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण करा, त्यांना प्रमाणपत्र द्या, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य त्यांच्यातलेच, त्यांनी निवडून दिलेले घ्या, त्यात एकतृतीयांश बायका. 2020 मध्ये स्वनिधी योजनेतून पहिल्या हप्त्याला 10,000 रुपयांपर्यंतचं कर्जही मिळायला लागलं. दहा हजारांत पाटीवालीची हातगाडी होते. पण गाडी उभी कुठं करायची हे ठरलेलं नसेल तर जप्तीच्या एका फेरीत कर्जाचा मालही जातो आणि हप्ता डोक्यावर राहतो. कर्ज दिल्लीहून येतं, जागा गल्लीतल्या पालिकेलाच द्यावी लागते.

नियमाच्या भरवशाबद्दल म्हणत होते, त्याला हिवरे बाजारसारखं दुसरं उदाहरण माझ्याजवळ नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं अवर्षणाचं गाव, डोंगर उघडे पडलेले, माणसं मजुरीला बाहेर. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी धरली, श्रमदानातून पाणी अडवलं. एवढं पुष्कळ गावांनी केलं. हिवरे बाजारनं पुढं जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. जमीन बाहेरच्याला विकायची नाही. आणि दरवर्षी पाऊस मोजून, गावात किती पाणी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. पाऊस कमी झाला की रब्बीचं क्षेत्र कमी.

शेजाऱ्यानं रात्रीत बोअर मारून माझ्या विहिरीचं पाणी ओढलं नाही, तरच मी कर्ज काढून दोन गाई घेईन ना? गवत कापून न्यायचं, गुरं मोकाट सोडायची नाहीत, हे सगळ्यांना सारखंच लागू असेल तरच चारा राहील. तो राहिला म्हणून गावचं दूध शेकड्यांतून हजारो लिटरांवर गेलं. शहरात गेलेली कुटुंबं परत आली. त्या गावात लखपती किती झाले हे वर्तमानपत्रं पुन्हा पुन्हा छापतात. मला त्या आकड्यापेक्षा ती ग्रामसभा महत्त्वाची वाटते, जिथं श्रीमंत बागायतदारालाही ऊस लावायला नाही म्हटलं जातं आणि तो ऐकतो. असा नियम पाळून घेण्याचं काम बाहेरचा अधिकारी करू शकत नाही. तो बदलून जातो. रोज एकमेकांच्या बांधावरून जाणारी माणसंच ते करू शकतात, आणि स्थानिक सत्तेचं खरं बळ तिथं आहे.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीनं वेगळ्या वाटेनं हाच भरवसा कमावला. कर वेळेवर भरणाऱ्या घराला वर्षभर दळण फुकट, पिण्याचं शुद्ध पाणी दारात. कर भरला की काहीतरी परत येतं हे बाईमाणसाला पिठाच्या डब्यातच दिसायला लागलं, आणि वसुली आपोआप होऊ लागली. मला ही युक्ती फार आवडते. विकणाऱ्या बाईला जर बाजाराच्या पावतीतून काही परत आलेलं दिसलं, तर ती पावती हक्कानं मागून घेईल.

ज्या औंधनं किर्लोस्करांना माळ दिला, त्याच औंधनं 1939 मध्ये आपल्या गावांना स्वराज्याची घटना दिली आणि पंचायतींच्या हाती कारभार सोपवला. गांधीजींचा त्यात सल्ला होता. एकाच घरातून ही दोन कामं झाली याचं मला नवल वाटत नाही. माळ देताना एका माणसावर टाकलेला विश्वास पुढं सगळ्या रयतेवर टाकला गेला, इतकंच.

नव्या आर्थिक वर्षासाठी बाजाराचा लिलाव मार्चच्या आसपास जाहीर होतो. त्याच्या आधीच्या ग्रामसभेत, म्हणजे 26 जानेवारीच्या, विषय लेखी द्यायचं मी ठरवलंय, आणि बाजार करणाऱ्या बायकांना सोबत बोलावलंय. मागणी अशी: लिलावाच्या नोटिशीतच अटी घाला. दराचा फलक बाजाराच्या दोन्ही तोंडांना लावायचा. छापील पावतीशिवाय पैसे घेतले तर ठेका रद्द. खाली बसणाऱ्याचा दर ओट्यापेक्षा निम्मा. लिलावाच्या रकमेतला ठरलेला हिस्सा बाजारतळावरच खर्च करायचा, आणि त्यातलं पहिलं काम बायकांचा संडास, दुसरं दिवे. रात्री आठपर्यंत बाजार. ओट्यांची वाटणी दरवर्षी चिठ्ठ्या टाकून, म्हणजे एकाच घराकडं पिढ्यान्‌पिढ्या राहणार नाहीत. आणि हे सगळं बघायला जी समिती होईल तिच्यात निम्म्या तरी विकायला बसणाऱ्या बायका असाव्यात. त्यांची बैठक बाजारच्या दिवशी ठेवू नये, कारण त्या दिवशी त्या येऊ शकणार नाहीत.